यलोस्टोन आरव्हीने: गायझर नंतर, आधी मुक्काम ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको, ९ वर्षांची मुलगी आणि कोल्हापूरहून येणारी ६८ वर्षांची आई. जूनचा तिसरा आठवडा. सॉल्ट लेक सिटीपर्यंत विमान, तिथून भाड्याची कॅम्परव्हॅन, ५ रात्री, स्वयंपाक गाडीतच, आणि अमेरिकेतलं यलोस्टोन नॅशनल पार्क 'पूर्ण' बघायचंय. सोबत ठिकाणांची लांबलचक यादी जोडली आहे. मुक्कामाच्या रकान्यात मात्र सगळीकडे एकच उत्तर: 'बघू तिथे गेल्यावर'.

मी सॉल्ट लेकजवळ राहतो. गेल्या १२ वर्षांत यलोस्टोनला ९ वेळा गेलोय, त्यातल्या ७ वेळा चाकांवरच्या घरातून (म्हणजे आरव्हीतून) आणि दोनदा आईला घेऊन. तुमच्या यादीत मी फारसा बदल करणार नाही. बदल करायचाय तो त्या मुक्कामाच्या रकान्यात.

बऱ्याच जणांचा समज असतो की गाडीतच झोपायचंय, तर कुठेही लावली की झालं. यलोस्टोनमध्ये असं चालत नाही. रस्त्याकडेला गाडी थांबवायची जागा (पुलआउट) असो, गायझरचं (जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या कारंज्याचं) पार्किंग असो की पिकनिकची जागा, तिथे रात्री झोपायला बंदी आहे आणि रेंजर काचेवर टकटक करतातच. झोपायचं ते ठरलेल्या कॅम्पग्राउंडमध्येच. पार्कात अशी १२ कॅम्पग्राउंड आहेत, सगळ्या मिळून २,००० च्या वर जागा. ऐकायला भरपूर वाटतं, पण जूनमध्ये त्या महिनोन् महिने आधी गेलेल्या असतात. रात्री नऊला जागा नाही असं कळलं, तर अंधारात पार्काबाहेर पडायचं, दोन लेनच्या रस्त्याने, आणि त्या रस्त्यावर काळोखात काळा गवा (इथला बायसन) उभा. ही वेळ मी एकदा स्वतःवर आणली आहे, तुम्ही आणू नका.

मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज, ब्रिज बे आणि फिशिंग ब्रिज ही पाच मोठी कॅम्पग्राउंड झँटेरा ही कंपनी चालवते. त्यांचं बुकिंग वर्षभराहूनही आधी उघडतं. बाकीची नॅशनल पार्क सर्व्हिसची, ती रिक्रिएशन डॉट गव्हवर मिळतात. आत्ता 'फुल' दिसत असलं तरी हात टेकू नका. लोकांचे बेत बदलतात, जागा सुटतात. रोज सकाळी चहा होईपर्यंत फोनवर एकदा बघायची सवय लावा. दोन सलग रात्री शोधत बसण्यापेक्षा एकेक रात्र शोधली तर लवकर मिळते, मग जोडत जा. तोवर हातात काहीतरी असावं म्हणून वेस्ट यलोस्टोन गावातल्या एखाद्या आरव्ही पार्कमध्ये, रद्द करता येईल अशी जागा धरून ठेवा.

आता गाडी. तुम्ही 'कॅम्परव्हॅन' म्हणताय, पण चौघांसाठी ती घेऊ नका. अरुंद व्हॅनला इथे क्लास बी म्हणतात. तिच्यात चौघं झोपायची तर बहुधा छत वर उचलून कापडी भिंतींचा माळा करावा लागतो. त्या माळ्यावर शिडीने चढायचं, मध्यरात्री बाथरूमसाठी उतरायचं, तेही झोपलेल्या दोघांना ओलांडून. आई हे सगळं हसत करतील आणि तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसतील. शिवाय एक तांत्रिक अडचण आहे. पाणी, वीज आणि सांडपाणी तिन्हीची जोडणी पार्कात फक्त फिशिंग ब्रिजला मिळते, आणि अस्वलांमुळे तिथे कडक भिंतींच्याच गाड्या चालतात. तंबू नाही, कापडी माळाही नाही. मागे एका ओळखीच्या कुटुंबाने ही अट न वाचता बुकिंग केलं होतं. त्यांना दारातून परत पाठवलं.

तुम्हाला हवी ती छोटी क्लास सी: पुढे ट्रकचं तोंड, केबिनवर पुढे आलेला माळा, मागे पलंग, लांबी २२ ते २५ फूट. माळा मुलीचा, मागचा पलंग आईंचा, जेवणाचं टेबल मोडून होणारा बिछाना तुमचा. २५ फुटांच्या वर जाऊ नका, पार्किंगला जीव नकोसा होतो. गाडी घेताना बेल्टच्या सीट मोजा. 'चौघं झोपतात' याचा अर्थ 'चौघं बेल्ट लावून बसतात' असा होत नाही. आणि भाड्याचा आकडा बघून लगेच खूश होऊ नका. मैलांचे पैसे वेगळे, जनरेटरच्या तासांचे वेगळे, चादरी-भांड्यांच्या संचाचे वेगळे. सॉल्ट लेकपासून फिरून परत येईपर्यंत तुमचे ८०० ते ९०० मैल होतील, त्या हिशोबाने मैलांचं पॅकेज घ्या.

आता मार्ग. पार्कातला मुख्य रस्ता, ग्रँड लूप, १४२ मैलांचा आहे, आकार इंग्रजी आठचा (आपला ८ नव्हे). कमाल वेग ताशी ४५ मैल. नकाशावर १६ मैल दिसले की आपण वीस मिनिटं धरतो. गव्यांचा कळप रस्ता ओलांडायला लागला की त्याच १६ मैलांना दीड तास लागतो. मी सरासरी ताशी २५ मैल धरतो आणि तरीही उशीर होतो.

५ रात्रींच्या ६ करा, कसंही जमवा. त्या अशा:

पहिली रात्र आयडाहो फॉल्स गावात. गाडी ताब्यात घेणं, समजून घेणं, किराणा भरणं यात दुपारचे तीन वाजतात. तिथून वेस्ट यलोस्टोन ३२० मैल. पहिल्याच दिवशी, न सरावलेल्या गाडीने, अंधारात ते अंतर कापू नका. आयडाहोच्या पठारावर आडवा वारा असतो, ही उंच गाडी त्यात शिडाच्या होडीसारखी ढकलली जाते. २०० मैल करा, थांबा, खिचडी खा, झोपा.

दुसरी आणि तिसरी रात्र मॅडिसन. चौथी आणि पाचवी फिशिंग ब्रिज. सहावी बेअर लेकला, म्हणजे युटा-आयडाहोच्या सीमेवर, कारण बहुतेक ठिकाणी गाडी सकाळी अकराच्या आत परत द्यावी लागते आणि बेअर लेकहून सॉल्ट लेक अडीच तासांवर आहे. शेवटच्या रात्रीचा हा हिशोब लोक हमखास विसरतात आणि पहाटे तीनला शेजारच्या ग्रँड टेटन पार्कातून निघतात. सातवी रात्र मिळत असेल तर फिशिंग ब्रिज आणि बेअर लेकच्या मध्ये ग्रँड टेटनमधलं कोल्टर बे कॅम्पग्राउंड घाला. नाही मिळाली तर टेटन गाडीच्या काचेतून बघायचा. तोही वाईट दिसत नाही.

एकेका ठिकाणी दोन रात्री का, तर तुमचं घर आणि तुमची गाडी एकच आहे. सकाळी फिरायला निघायचं म्हणजे घर आवरायचं: कपाटांच्या कड्या लावा, गॅस बंद करा, वायर काढा, चाकाखालच्या फळ्या काढा, स्लाइडआउट (बाहेर सरकणारी भिंत) असेल तर आत घ्या. सवय झाली तरी अर्धा तास जातो. त्यात रोज नवी जागा आणि रोज नवं चेक-इन आलं तर निम्मी सुट्टी आवरण्यात जाते. त्याच जागी परत यायचं असेल तर खुर्च्या आणि चटई मागे ठेवून निघता येतं. खाण्याचं काहीही मात्र मागे ठेवायचं नाही, त्याबद्दल पुढे.

मॅडिसनच्या पहिल्या दिवशी पश्चिम दारातून सकाळी साडेसातच्या आत शिरा आणि वाटेत कुठेही न थांबता थेट ओल्ड फेथफुल गाठा, दारापासून ३० मैल. तिथे मोठ्या गाड्यांना भरपूर जागा आहे, पण दहाच्या पुढे तीही भरते. आधी गाडी लावायची, मग गाडीतच पोहे करायचे. ओल्ड फेथफुल साधारण ९० मिनिटांनी उडतो. पुढची वेळ पार्काच्या ॲपवर आणि व्हिजिटर सेंटरमध्ये मिळते, दहा मिनिटं मागेपुढे. एकदा बाकावर बसून बघा आणि मग लोक पांगले की फळ्यांच्या वाटेवरून कॅसल, ग्रँड हे गायझर आणि मॉर्निंग ग्लोरी हे कुंड यांच्याकडे चाला. माझ्या मते खरी मजा तिकडे आहे. मॉर्निंग ग्लोरी दीड मैलावर आहे, रस्ता सपाट आहे, आईंना जमेल. नाही जमलं तर त्यांनी कॅसलपाशी बसावं, तिथे बाकं आहेत.

ग्रँड प्रिझमॅटिक हे गरम पाण्याचं रंगीत कुंड सकाळी बघू नका. इंटरनेटवर सगळे 'लवकर जा, गर्दी नसते' सांगतात. गर्दी नसते हे खरं, पण गार हवेत वाफ एवढी दाटते की रंग दिसतच नाहीत, गरम पाण्याच्या बंबासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं. ते कुंड ३७० फूट रुंद आहे, त्याचा निळा-केशरी पसारा वरूनच कळतो. त्यासाठी फेअरी फॉल्सच्या पार्किंगमधून छोटा चढ चढून जायचं. माझी वेळ संध्याकाळी साडेपाच. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, ऊन वरून असतं, आणि दुपारची गर्दी जेवायला गेलेली असते. एक लक्षात ठेवा: फायरहोल लेक ड्राइव्ह आणि फायरहोल कॅन्यन ड्राइव्ह या दोन सुंदर आडवाटांवर आरव्हीला बंदी आहे. जीपीएस बिनदिक्कत आत पाठवतो. पाटी वाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नॉरिस (गायझर आणि गरम झऱ्यांचा आणखी एक परिसर), मॅडिसनपासून १४ मैल, आणि नऊच्या आत. तिथलं पार्किंग लहान आहे. पोर्सिलेन बेसिनचा छोटा फेरा पुरे. दुपारी परत मॅडिसनला येऊन नदीकाठी बसा. चहा प्या, मुलीला पाण्यात पाय सोडू द्या. सहलीत एक रिकामी दुपार लागते, आणि आईंना तर लागतेच.

तिसऱ्या दिवशी नॉरिसवरून कॅन्यन. आर्टिस्ट पॉइंटवरून ३०८ फुटांचा लोअर फॉल्स बघा आणि हेडन व्हॅलीतून खाली फिशिंग ब्रिजला या. चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून पुन्हा हेडन. तेव्हा दरीत धुकं असतं, गव्यांच्या पाठी त्यातून बेटांसारख्या वर आलेल्या असतात, आणि मोठ्या दुर्बिणी लावून बसलेले म्हातारे अमेरिकन असतात. त्यांच्या शेजारी गाडी लावा, ते स्वतःहून बोलावून दाखवतात. लामार व्हॅली यादीतून काढा. लांडगे १९९५ मध्ये तिथे परत आणले, म्हणून सगळे तिकडे धावतात, पण फिशिंग ब्रिजहून लामार ५० मैलांवर आहे, मध्ये ८,८५९ फुटांची डनरेव्हन खिंड. एका बाजूला दोन तास. चौघांना आरव्हीतून नेण्याइतकं ते हेडनपेक्षा वेगळं नाही. मॅमथ हॉट स्प्रिंग्जही सोडा. 'पूर्ण यलोस्टोन' कोणीच बघत नाही, पार्क जवळजवळ ९,००० चौरस किलोमीटरचं आहे.

आता ज्यावर कोणी लिहीत नाही आणि ज्यावर खरी सहल ठरते ते: पाणी.

गाडीत तीन टाक्या असतात. स्वच्छ पाण्याची, बेसिन-मोरीच्या सांडपाण्याची म्हणजे ग्रे, आणि संडासाची म्हणजे ब्लॅक. छोट्या क्लास सीमध्ये पहिल्या दोन प्रत्येकी साधारण ३० गॅलन धरा. मॅडिसनला जोडणी नाही, आंघोळीची सोयही नाही. म्हणजे चौघांनी दोन दिवस त्या ३० गॅलनमध्ये काढायचे. आणि संकट येतं ते पाणी संपल्याने नाही. ग्रे टाकी भरल्याने येतं.

पहिल्यांदा आईला घेऊन गेलो तेव्हा मी हे तिला सांगितलंच नाही. पहिल्या रात्री वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. मी बाहेर खुर्ची टाकून तारे बघत बसलो आणि आईने आत नळ सोडून, घरी घासते तशी, सगळी भांडी घासली. कुकर, त्याचे तीन डबे, कढई, ताटं. वीस मिनिटं. मग बायको आंघोळीला गेली आणि ओरडली. आंघोळीच्या तबकात पायाशी गढूळ पाणी चढत होतं. त्यावर तेलाचे पिवळे थेंब, भाताची शितं आणि तरंगणारी मोहरी. ग्रे टाकी भरली की पाणी सर्वात खालच्या तोंडातून वर येतं, आणि ते तोंड आंघोळीच्या तबकात असतं. रात्री साडेनऊला गाडी हलवून डंप स्टेशनला, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, जावं लागलं. आई बिचारी दोन दिवस कागदी ताटलीतही पाणी न घालता जेवली.

तेव्हापासूनची पद्धत सांगतो. ताटं आधी टिश्यूने पुसून काढायची, खरकटं कचऱ्यात. मग एका घमेल्यात थोडं गरम पाणी घेऊन घासायचं. मोठ्या कॅम्पग्राउंडमध्ये भांडी घासायचं सिंक असतं, ते घमेलं तिथेच रिकामं करायचं, झाडाच्या मुळाशी नाही. हो, चहाचा चोथासुद्धा नाही. आंघोळीला नळ सोडून उभं राहायचं नाही: भिजा, बंद, साबण, धुवा, बंद. माणशी दोन गॅलनमध्ये होतं. नाहीतर ओल्ड फेथफुलला पैसे देऊन शॉवर मिळतो, तो घ्या. मॅडिसन सोडताना तिथल्या डंप स्टेशनला टाक्या रिकाम्या करा. आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. रबरी हातमोजे गाडीसोबत मिळतात, तरी स्वतःचे न्या. काम घाण वाटतं, पण पाच मिनिटांचं आहे. नवऱ्यांनी हे काम मागून घ्यावं, सहलभर घरात मान राहतो.

फिशिंग ब्रिजला तिन्ही जोडण्या आहेत, कपडे धुण्याची मशिनं आहेत, शॉवर आहेत. म्हणून ते मुद्दाम दुसऱ्या टप्प्यात ठेवलंय. मॅडिसनच्या काटकसरीनंतर तिथे पोचलं की पंचतारांकित हॉटेल वाटतं.

दुसरी गोष्ट वीज. जूनमध्येही रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. हीटर चालतो प्रोपेन गॅसवर, पण त्याचा पंखा चालतो गाडीच्या मागच्या बॅटरीवर, आणि तो सात-आठ अँपिअर ओढतो. १०० अँपिअर-तासाची साधी बॅटरी असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे असतात. रात्रभरात पंखा पाच तास जरी फिरला तरी ४० गेले. संध्याकाळी सगळे दिवे लावून गप्पा मारल्या असतील तर पहाटे चारला गॅसची सूचना देणारी यंत्रणा कमी विजेमुळे कुईकुई करायला लागते. जनरेटर तेव्हा लावता येत नाही, त्याची वेळ सकाळी आठ ते रात्री आठ. तेव्हा संध्याकाळी सातच्या सुमारास जनरेटर चालवून बॅटरी भरून घ्या, मग हीटर कमी तापमानावर ठेवा आणि आईंना जाड रजई द्या. मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन बॅटरीवर चालत नाहीत. आणखी एक: जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल पितो आणि टाकी पाव भागाच्या खाली आली की तो आपोआप थांबतो, म्हणजे तुम्ही पार्कात अडकू नये. गाडी बिघडली समजून मी एकदा कंपनीला फोन लावायला २० मैल गेलो होतो. काटा निम्म्यावर आला की भरा.

स्वयंपाकाचं विचारलं होतंत. कुकर न्याच. फिशिंग ब्रिज ७,८०० फुटांवर आहे, तिथे पाणी ९२ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाणा दाताखाली येतो. कुकरमध्येही घरच्यापेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त द्या. शिट्टी आणि रिंग बांधताना दोनदा तपासा, वेस्ट यलोस्टोनच्या दुकानात मासे पकडायचे सतरा गळ मिळतात, कुकरची रिंग मिळत नाही. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, सुकं खोबऱ्याचं वाटण असं नेलं तर काम हलकं होतं. कांदा-लसूण घरीच परतून डब्यात घ्या. गाडीत फोडणी केली की धुराचा भोंगा वाजतो, त्यामुळे आधी छतातली खिडकी उघडा, पंखा लावा, मगच मोहरी टाका. भोंग्याची बॅटरी काढून ठेवायची नाही, त्याच गाडीत तुम्ही गॅस लावून झोपणार आहात.

अस्वलांबद्दल घाबरवणार नाही, पण शिस्त पाळा. खाणं, कूलर, तेलकट कढई, टूथपेस्ट, अगदी पाण्याची बाटलीसुद्धा टेबलावर सोडून जायचं नाही, पाच मिनिटंही नाही. सगळं गाडीत आणि काचा बंद. बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा) विमानात नेता येत नाही, तिथे विकत किंवा भाड्याने घ्या आणि पट्ट्याला लावा, पिशवीच्या तळाशी नको. दुपारच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तो डबा ठेवू नका, फुटतो. अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड, गवा आणि एल्कपासून (मोठ्या हरणापासून) २५ यार्ड. आपल्याकडे म्हशींची सवय असल्याने गवा ओळखीचा वाटतो, त्याच्या जवळ फोटोला उभं राहावंसं वाटतं. तो शेपूट वर उचलतो तेव्हा मागे फिरायचं, धावत नाही, पण लगेच. तशीच फळ्यांची वाट: तिच्यावरून पाय खाली नको. कवच पातळ असतं, खाली उकळतं पाणी, आणि त्या पाण्यात पडून वीसहून जास्त माणसं गेली आहेत. मुलीचा हात धरा, आईंना ती वाट ओली असताना काठी द्या.

आणि आईंना एक आधीच सांगा. माझी आई पानातला पहिला घास बाहेर कावळ्याला ठेवते. पार्कात कोणत्याही प्राण्यापक्ष्याला खायला घालणं गुन्हा आहे, यात कावळाही आला. इथले रेव्हन आपल्या डोमकावळ्यापेक्षा थोराड, आणि चेन उघडून पिशवीतलं खाणं काढण्यात पटाईत. माझ्या आईने नमस्कार करून घास परत ताटात घेतला आणि म्हणाली, "हा उपाशी दिसत नाहीच."

पैशाचं थोडं. गाडीची प्रवेश फी ३५ डॉलर, ७ दिवस, टेटनची वेगळी. अमेरिकेत राहणाऱ्यांचा वार्षिक पास ८० डॉलर. पण जानेवारी २०२६ पासून परदेशातून येणाऱ्यांसाठी नियम बदललाय: त्यांचा वार्षिक पास २५० डॉलर, आणि पास नसेल तर यलोस्टोन, टेटनसह ११ पार्कांत १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येक परदेशी पाहुण्यामागे १०० डॉलर जास्त. आई पाहुण्या म्हणून येताहेत, तेव्हा कोणता पास तुमच्या गाडीतल्या कोणाकोणाला लागू होतो ते पार्क सर्व्हिसच्या पानावर निघण्याआधी वाचा. त्यांचा पासपोर्ट आणि तुमची ओळखपत्रं हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

फोनला रेंज ओल्ड फेथफुल, कॅन्यन, ग्रँट अशा वस्त्यांच्या आसपास मिळाली तर मिळते, त्यावर विसंबू नका. नकाशे आणि पार्काचं ॲप आधी उतरवून घ्या, कोल्हापूरला कळवून ठेवा की चार दिवस आईंचा फोन लागणार नाही, नाहीतर मामा अमेरिकेच्या पोलिसांना फोन करतील. निघायच्या आदल्या रात्री रस्त्यांची स्थिती बघा. जून २०२२ मध्ये पुराने उत्तरेचा रस्ता वाहून गेला आणि पार्क रिकामं करावं लागलं होतं. एवढं रोज होत नाही, पण जूनमध्ये उंच खिंडीत बर्फ पडून रस्ता काही तास बंद राहणं नेहमीचं.

परतताना दक्षिण दारातून टेटनच्या समोरून जॅक्सनला या. तिथून जीपीएसने टेटन पास या खिंडीवरून आयडाहोत उतरायला सांगितलं, तर ऐकू नका. तो १० टक्क्यांचा उतार आहे, भाड्याच्या जड गाडीचे ब्रेक तापून वास येतो. आल्पाइनवरून, स्नेक नदीच्या कडेने जा. सपाट आणि देखणं. कुठल्याही उतारावर ब्रेक दाबून बसण्यापेक्षा खालचा गिअर टाका.

गाडी घेताना आणि देताना व्हिडिओ काढा. टायर, छत, काचा, अंगण झाकायची ती कापडी ऑनिंग, सगळं. मी एकदा ऑनिंग उघडी टाकून फिरायला गेलो, वाऱ्याने ती वाकली, ती चूक माझी आणि पैसेही भरले. पण पुढच्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीने आधीपासून फाटलेल्या ऑनिंगचे पैसे माझ्याकडून घेतले, कारण माझ्याकडे फोटो नव्हता. बेअर लेकहून सकाळी सातला निघा, सॉल्ट लेकच्या अलीकडे टाक्या रिकाम्या करा, पेट्रोल घेतलं होतं तेवढ्या काट्यावर आणा आणि काट्याचा, मैलांचा फोटो घेऊनच किल्ली द्या. फ्रीज उघडून बघायला विसरू नका, आमचा लोणच्याचा डबा अजून कोणाकडे तरी आहे.